यंत्राने वाचले, तुम्ही पडताळले का?

जुनी पुस्तके, वह्या आणि कागदपत्रे यांतील मजकूर घरबसल्या संगणकावर आणणे आता अगदी सोपे झाले आहे. परंतु सारे काही यंत्रावर सोपवून निश्चिंत झालात, तर एक लहानसा ठिपकाही अर्थाचा अनर्थ करू शकतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. जुने शालू, पितळी डबे आणि लग्नातले फोटो बाजूला केल्यावर पेटीच्या तळाशी खाकी कागदाचे वेष्टन घातलेले एक पुस्तक हाती लागते. पाने पिवळी पडलेली, कडा बोट लावताच तुटणाऱ्या. घरातल्या आजोबांच्या वडिलांनी १९५० च्या सुमारास पदरचे पैसे घालून छापलेल्या गावाकडच्या आठवणी आहेत त्या. छापखाना केव्हाच बंद पडला, नातेवाइकांकडच्या प्रती कसरीने खाल्ल्या. उरली ती ही एकच प्रत.

आजोबांनी ऐंशी ओलांडली आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे त्यांना आता छापील अक्षर दिसत नाही. पुस्तक मांडीवर घेऊन ते नुसताच पानांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "सूनबाई, नानांचं हे पुस्तक एकदा सगळं ऐकायचं राहून गेलं बघ."

सुनेची नोकरी, मुलांच्या परीक्षा, पाहुण्यांची ये-जा. रोज बसून वाचून दाखवायला सवड कोणाला? शेवटी कॉलेजात जाणारी नात तोड काढते, "आई, मोबाइलवर फोटो काढला की त्याचा मजकूर करता येतो. मग फोनच आजोबांना वाचून दाखवील!"

पहिल्या पानाचा प्रयोग होतो. काही क्षणांतच पडद्यावर अक्षरे उमटतात. सारे घर कौतुकाने पाहू लागते. फोन वाचायला सुरुवात करतो आणि चौथ्या वाक्यालाच आजोबा हात वर करतात, "थांब जरा. नाना असं लिहिणारच नाहीत."

यंत्राचे चुकले कुठे? आणि अक्षरे दिसत नसताना आजोबांना ते कळले कसे? या दोन प्रश्नांच्या उत्तरातच या तंत्राचा सारा उपयोग आणि सारा धोका सामावलेला आहे.

फोटो म्हणजे मजकूर नव्हे

पानाचा फोटो काढला की पान संगणकात आले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात संगणकाच्या दृष्टीने पानाचा फोटो आणि मांजराचा फोटो यांत काहीच फरक नसतो. दोन्ही म्हणजे हजारो-लाखो रंगीत ठिपक्यांची रांगोळीच. त्या रांगोळीत 'क' आहे की 'ख', हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच फोटोतला शब्द शोधता येत नाही, चूक सुधारता येत नाही, टाइप मोठा करून नव्याने छापता येत नाही आणि फोनकडून वाचूनही घेता येत नाही.

त्या ठिपक्यांमधून अक्षरे ओळखून खरा मजकूर तयार करणाऱ्या तंत्राला ऑप्टिकल कॅरॅक्टर रेकग्निशन, थोडक्यात 'ओसीआर' असे म्हणतात. मराठीत त्याला 'अक्षरओळख' म्हणायला हरकत नाही. टोलनाक्यावर गाडीच्या नंबरप्लेटचा आकडा टिपणारा कॅमेरा हेच काम करतो. दुकानातले बिल किंवा पाकिटावरचा पत्ता फोनने 'वाचला', तर तीही अक्षरओळखच.

या तंत्राने मिळणारा मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो, हाही मोठा फायदा. १९९० च्या दशकात ज्यांनी मराठी टाइप करून घेतले असेल, त्यांना आठवत असेल की एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडली, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. युनिकोडमधला मजकूर मात्र नागपूरच्या संगणकावर तयार केला, तरी इंदूर, बडोदा किंवा परदेशातल्या मुलाच्या फोनवर तसाच दिसतो.

ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी

यंत्राला वाचायला शिकवण्याचा खटाटोप जुनाच आहे. अमेरिकेतील 'रीडर्स डायजेस्ट'च्या कचेरीत १९५५ साली असे एक यंत्र बसवण्यात आले. टाइप केलेले विक्रीचे अहवाल वाचून त्यांची छिद्रपत्रे तयार करणे, एवढेच त्याचे काम. त्या काळची यंत्रे एका ठरावीक वळणाची अक्षरेच ओळखत. यंत्राला सोपे जावे म्हणून १९६० च्या दशकात 'ओसीआर-ए' नावाचे खास चौकोनी वळणाचे अक्षरही तयार करण्यात आले. म्हणजे यंत्र माणसाची अक्षरे शिकण्याऐवजी माणूसच यंत्राला समजतील अशी अक्षरे छापत होता.

हे चित्र पालटले ते अंधांच्या गरजेमुळे. रे कुर्झवाइल या अमेरिकन संशोधकाने १९७४ मध्ये कंपनी काढली आणि जवळजवळ कोणत्याही वळणाचे छापील इंग्रजी अक्षर ओळखणारे तंत्र विकसित केले. त्याचा उपयोग कोणता करावा? तर छापील पान अंध माणसाला वाचून दाखवण्यासाठी. १३ जानेवारी १९७६ रोजी जाहीर झालेले हे वाचनयंत्र अख्खे टेबल व्यापणारे होते. काचेवर पुस्तक उपडे ठेवायचे आणि यंत्राने ते मोठ्याने वाचायचे. सुप्रसिद्ध अंध गायक स्टीव्ही वंडर हे या यंत्राच्या पहिल्या काही ग्राहकांपैकी एक होते.

तेव्हा टेबलभर पसरलेले हे काम आज खिशातला फोन करतो. आपल्याकडे दृष्टिहीन वाचकांसाठी २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले आहे. अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्याची मोकळीक देणारा मराकेश करार सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मंजूर करणारा देश भारतच होता. घरात कोणाची दृष्टी अधू असेल, तर ही माहिती अवश्य लक्षात ठेवावी.

शिरोरेषेची दोरी

इंग्रजी अक्षरे सुटी सुटी असतात. आपली देवनागरी मात्र शिरोरेषेने एकमेकींत गुंफलेली. एक शब्द म्हणजे यंत्राच्या लेखी एकच लांबलचक आकृती! शिवाय लिपी तीन मजली. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर तळमजल्यावर उकार. त्यात जोडाक्षरांची भर.

म्हणूनच देवनागरीसाठी आपल्याच देशातील संशोधकांना वेगळी वाट शोधावी लागली. आर. एम. के. सिन्हा आणि एच. एन. महाबल यांचा देवनागरी यंत्राने ओळखण्याविषयीचा शोधनिबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी बांगला आणि देवनागरी अशा दोन्ही लिपी वाचणाऱ्या प्रणालीविषयी १९९७ मध्ये लिहिले. पुण्याच्या सी-डॅकनेही 'चित्रांकन' नावाचे देवनागरी ओळखणारे सॉफ्टवेअर तयार केले.

या जुन्या पद्धतीत यंत्र आधी पान सरळ करी, मग ओळी वेगळ्या करी, ओळीतले शब्द वेगळे करी आणि त्यानंतर शब्दावरची शिरोरेषा पुसून टाकी. दोरी काढून घेतली की वाळत घातलेले कपडे सुटे व्हावेत, तशी अक्षरे सुटी होत. मग एकेका अक्षराचा आकार तपासला जाई.

आजची पद्धत वेगळी आहे. लाखो ओळींचे नमुने दाखवून यंत्राला तयार केले जाते आणि ते सबंध ओळ एका दमात वाचते. लहान मूल जसे अक्षरे जुळवत वाचण्याकडून शब्द ओळखून वाचण्याकडे जाते, तसेच काहीसे. 'टेसरॅक्ट' या सॉफ्टवेअरचेच उदाहरण पाहा. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात त्याचे काम झाले. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत ही नवी पद्धत आली. ते मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालते आणि मराठीही वाचते.

कुठे चुकते?

मराठी वाचताना यंत्राच्या काही चुका ठरलेल्या असतात. त्या आधीच ठाऊक असल्या, तर पकडणे सोपे जाते.

पहिली चूक सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, थ आणि य, प आणि ष यांची गल्लत नेहमी होते. 'ख' फुटला की त्याचे 'रव' होते. 'भात' शिजवायचा तर 'मात' होते आणि 'धणे' भाजायचे तर 'घणे'!

दुसरी चूक भाषेची. सॉफ्टवेअरमध्ये मराठीऐवजी हिंदी निवडली गेली असेल, तर 'ळ'चा 'ल' होण्याची भीती असते. मग गूळ 'गूल' होतो आणि डाळ 'डाल'. मराठी छपाईतील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा निराळे, तेही अडचणीचे. 'दऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांतला अर्धा ऱ तर हिंदीत नाहीच. म्हणून भाषा निवडताना 'मराठी' हाच पर्याय घेतला आहे ना, हे आधी पाहावे.

तिसरी चूक आकड्यांची. १ आणि ९, ३ आणि २ हे पुसट छपाईत फसवतात. जुन्या वह्यांत आणखी एक गंमत असते. पूर्वी सव्वा, दीड आणि पावणेदोन हे १।, १॥ आणि १॥। असे उभ्या रेघांनी लिहीत. यंत्राला या रेघा म्हणजे पूर्णविरामाचे दंड तरी वाटतात, नाहीतर एकाचा आकडा. सव्वा शेराचे अकरा शेर व्हायला वेळ लागत नाही!

चौथी चूक स्तंभांची. मासिकाच्या पानावर दोन-तीन स्तंभ असतात. यंत्र कधी कधी पहिल्या स्तंभाची अर्धी ओळ वाचून सरळ दुसऱ्या स्तंभात शिरते आणि लोणच्याच्या कृतीत स्वेटरचे टाके मिसळतात. अशा वेळी प्रत्येक स्तंभाचा वेगळा फोटो घेणे उत्तम.

ठिपक्याची गोष्ट

आता पुन्हा आजोबांकडे वळू. फोनने वाचलेले चौथे वाक्य होते, "त्या वर्षी खंत राहिली नाही."

वाक्यात व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाची नाही. कोणीही वाचून पुढे गेले असते. आजोबांना मात्र ते वर्ष ऐकून माहीत होते. दुष्काळ पडला होता, गुरे विकावी लागली होती. त्या वर्षाची खंत त्यांच्या वडिलांना जन्मभर होती. सुनेने भिंग घेऊन मूळ पान पाहिले. छापलेले होते, "त्या वर्षीं खत राहिलें नाहीं." गुरेच नाहीत, तर शेतात घालायला खत कुठले? कसरीने पाडलेला एक बारीक डाग नेमका 'ख'च्या डोक्यावर बसला होता.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'तें', 'कां', 'घरें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार पानोपानी असत. यंत्राला शिकवलेले असते प्रामुख्याने आजचे मराठी. त्यामुळे ते खरे अनुस्वार गाळते आणि एखाद्या डागाला अनुस्वार समजते.

पण इथे ठिपक्याहून मोठी गोष्ट घडली आहे. जुन्या सॉफ्टवेअरने डाग अनुस्वार मानला असता, तर "खंत राहिलें नाहीं" असे बेंगरूळ वाक्य आले असते. 'खंत' स्त्रीलिंगी, 'राहिलें' नपुंसकलिंगी. वाचणाऱ्याला लगेच खटकले असते. आजची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने मात्र नुसती अक्षरे पाहत नाहीत, पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाजही बांधतात. त्या अंदाजाच्या भरात 'राहिले'चे 'राहिली' करून ती वाक्य नीटनेटके करून टाकू शकतात. जुने यंत्र चुकले, तर चूक दिसत असे. नवे यंत्र चुकते, तेव्हा चूक झाकलेली असते.

म्हणून आलेला मजकूर वाचायला छान वाटतो, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. शंभरातली नव्याण्णव अक्षरे बरोबर आली, तर आपल्याला ते काम उत्तम वाटते. पण एका पानावर दीड हजार अक्षरे धरली, तर पानागणिक पंधरा चुका झाल्या. दोनशे पानांच्या पुस्तकात तीन हजार!

फोटो चांगला, तर निम्मे काम फत्ते

बहुतेक चुका फोटोतच जन्म घेतात. म्हणून सुरुवात नीट करावी.

पुस्तक दिवसा खिडकीपाशी ठेवावे, पण थेट उन्हात नको. फ्लॅश वापरू नये. त्याने पानाच्या मध्यभागी पांढरा डाग येतो. फोन पानाच्या बरोबर वर, समांतर धरावा. कडेने तिरपा धरला, तर एका बाजूची अक्षरे लहान होतात. आपली सावली पानावर पडत नाही ना, हेही पाहावे.

सपाट काचेचा स्कॅनर सुट्या कागदांसाठी उत्तम. त्यावर ३०० डीपीआय ही मोजणी पुरेशी असते. टाइप फार बारीक असेल, तर ४०० ते ६०० ठेवावी. मात्र जुन्या शिवणीचे पुस्तक काचेवर दाबून सपाट करायला जाल, तर पाठ मोडून पाने सुटतील. अशा पुस्तकासाठी फोनच बरा. पुस्तक अर्धेच उघडावे आणि दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी केलेल्या चादरीचा आधार द्यावा.

हात धुऊन कोरडे करावेत. टाचण्या आणि गंजलेले स्टेपल हलकेच काढावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा. काही वर्षांनी तिचा गोंद पिवळा पडतो आणि अक्षरेही खराब करतो. 'टिकावे' म्हणून जुने कागद लॅमिनेट करून आणण्याची चूक तर मुळीच करू नये. पुढे ते प्लॅस्टिक कागद न फाडता काढता येत नाही.

मजकूर करण्यासाठी घरगुती वापराचे दोन सोपे मार्ग आहेत. फोनमधील 'गुगल लेन्स'ने एखाद्या पानाचा मजकूर उचलता येतो. पाने जास्त असतील, तर त्यांचे फोटो 'गुगल ड्राइव्ह'वर चढवून 'गुगल डॉक्स'मध्ये उघडावेत. चित्राखाली मजकूर तयार होऊन येतो. चित्र आणि मजकूर एकाच जागी असल्याने ताडून पाहणेही सोयीचे. फाइलला 'पान ००१', 'पान ००२' अशी क्रमाने नावे द्यावीत, नाहीतर नंतर पानांचा मेळ लागत नाही. आणि मूळ फोटो कधीही पुसू नयेत. उद्या शंका आली, तर साक्ष द्यायला तेच असतात.

एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे

पडताळणीची सर्वांत जुनी युक्ती छापखान्यांतली आहे. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि मुद्रितशोधक हातातल्या प्रुफावर चुका टिपत जाई. घरातही हेच करावे. एकाने मूळ पान वाचावे, दुसऱ्याने पडद्यावरचा मजकूर पाहावा. एकट्याला करायचे असेल, तर फोनला वाचायला लावावे आणि आपण नजर मूळ पानावर ठेवावी. कान आणि डोळे दोन्ही जागे असले, की चूक सहसा निसटत नाही.

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तिथे तर हा खजिनाच आहे. जुने शब्द, गावांची नावे, नातेवाइकांची नावे, मापे आणि सण यांची त्यांना जेवढी माहिती, तेवढी कोणत्याही यंत्राला नाही. त्यांना डोळ्यांनी दिसत नसले, तरी कानांनी चूक कळते.

पडताळणीचे हे काम मोठ्या प्रमाणावरही चालते. मराठी 'विकिस्रोत' या मुक्त ग्रंथालयात स्वयंसेवक जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने आणि यंत्राने काढलेला मजकूर शेजारी ठेवून तपासतात. न तपासलेले पान लाल, एकदा तपासलेले पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीनेही तपासलेले हिरवे. परदेशात तर लोकांच्या नकळत हे काम करून घेतले गेले. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'रीकॅप्चा'मध्ये संगणकापुढची व्यक्ती माणूसच आहे ना, हे पाहण्यासाठी वेडेवाकडे शब्द टाइप करायला लावत. त्यांतला एक शब्द जुन्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधला, यंत्राला न वाचता आलेला असे. लाखो लोकांनी एकेक शब्द वाचून ते अंक मजकुरात आणले.

हस्ताक्षर आणि मोडी

छापलेले पान वाचणारे यंत्र हाताने लिहिलेल्या वहीपुढे मात्र अडखळते. अक्षर सुटे आणि स्वच्छ असेल, तर नवी साधने बरेचसे वाचतात. पण घाईत लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली आईची पाककृतींची वही म्हटली की पंचाईत. अशा वेळी सोपा उपाय आहे. आईलाच वही वाचायला सांगावी आणि फोनवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय चालू ठेवावी. वाचता वाचता ती सहज म्हणून जाईल, "इथे लिहिलंय एक वाटी, पण मी पाऊणच घालते." हे कोणत्याही फोटोत सापडणार नाही.

पेटीत मोडी कागद सापडले, तर ते जपून ठेवावेत. विसाव्या शतकातही कित्येक घरांचे व्यवहार मोडीत होत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पार तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागदांचा मोठा साठा आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज साऱ्या महाराष्ट्राला जाणवली. मोडीचे देवनागरीत रूपांतर यंत्राने करण्याचे प्रयत्न चालू आहेत. आयआयटी रुडकीतील संशोधकांनी २०२५ मध्ये तसे काम पुढे आणले. तरीही घरातील मोडी कागद जाणकाराकडूनच वाचून घेणे शहाणपणाचे.

व्यवहाराचे कागद असतील तर

खरेदीखत, सातबारा, मृत्युपत्र, जन्मदाखला यांचा मजकूर करून ठेवला, तर हवा तो कागद चटकन सापडतो. पण त्याचा उपयोग शोधण्यापुरताच. गट क्रमांकातला एक आकडा, रकमेतले एक शून्य किंवा आडनावातली एक वेलांटी चुकली आणि तोच मजकूर अर्जात उतरवला, तर हेलपाटे ठरलेले. अर्ज भरताना आकडे आणि नावे नेहमी मूळ कागदावरून किंवा प्रमाणित प्रतीवरूनच घ्यावीत.

'फोटोचा मजकूर करून मिळेल' असे सांगणाऱ्या अनोळखी मोफत संकेतस्थळांवर आधार कार्ड, बँकेचे पासबुक किंवा मिळकतीचे कागद चढवू नयेत. ते पुढे कोणाच्या हाती जातील, याचा नेम नाही. असे काम आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या सॉफ्टवेअरने करावे.

पुस्तकांबाबत कायदाही लक्षात घ्यावा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे विकत आणलेल्या पुस्तकाचा मजकूर करून सोसायटीच्या किंवा भिशीच्या ग्रुपवर वाटणे योग्य नाही. आपल्याच पूर्वजांचे पुस्तक असेल, तर हक्क कोणाकडे आहे ते पाहून, घरातील सर्वांना विचारून पुढचा निर्णय घ्यावा.

लक्षात ठेवा

* भाषा 'मराठी' निवडली आहे, याची आधी खात्री करा.
* एका पानावर प्रयोग करा, चुका पाहा आणि मगच पुढची पाने घ्या.
* आकडे, नावे आणि अनुस्वार स्वतंत्रपणे तपासा.
* जुने शुद्धलेखन 'सुधारू' नका. ती त्या लेखकाची भाषा आहे.
* न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाजाने शब्द घालू नका. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा.
* मूळ कागद, फोटो आणि तपासलेला मजकूर तिन्ही जपा. फोटो आणि मजकुराची एकेक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.

रोज दोन पाने

आजोबांच्या घरी मग एक पद्धत बसून जाते. रात्री जेवणे आटोपली की नात दोन पानांचे फोटो घेते. फोन वाचतो, सून मूळ पान पाहते आणि आजोबा डोळे मिटून ऐकतात. मध्येच ते हात वर करतात. कधी यंत्राचे चुकलेले असते, कधी आजोबांना काहीतरी आठवलेले असते. "हा ओढा आता बुजला," किंवा "ही माझी आत्या, तू पाहिली नाहीस." सून ते मजकुराच्या शेवटी वेगळे लिहून ठेवते.

जो वेळ मिळत नाही म्हणून यंत्र आणले, तो वेळ शेवटी द्यावा लागलाच. पण पूर्वी जे काम एकटीच्या गळ्यात पडले असते, त्याला आता तिघे बसतात. दोनशे पाने संपायला तीन-साडेतीन महिने लागतील. आजोबांची तक्रार नाही. उलट एखाद्या दिवशी पाहुणे आले आणि वाचन राहिले, तर तेच झोपताना आठवण करून देतात, "सूनबाई, आजची दोन पानं राहिली बरं का."